शिळेवरचा नकाशा

गणपतीच्या दिवसांत कणकुंबीला पाऊस असायचाच. माउलीच्या देवळाकडे निघाले की छत्री मिटायची सोय नाही, आणि देवळाजवळच्या मलप्रभेच्या उगमापाशी उभे राहिले की वरचे पाणी कुठले आणि खालचे कुठले, ते कळत नाही. इथून निघालेली मलप्रभा तीनशेहून अधिक किलोमीटर चालून कूडलसंगमाला कृष्णेला मिळते आणि पुढे बंगालच्या उपसागरात जाते. आणि याच गावाच्या शिवारात, थोडे पलीकडे पडलेले पाणी कळसा नाल्यातून म्हादईकडे वळते, घाट उतरून गोव्यात जाते आणि पणजीजवळ अरबी समुद्राला मिळते. ढग एकच, पण एका थेंबाचा मुक्काम पूर्वेला आणि दुसऱ्याचा पश्चिमेला.

आम्ही शाळेत होतो तेव्हा भिंतीवर कापडी अस्तराचा एक मोठा नकाशा टांगलेला असे. त्यात हा सगळा डोंगर म्हणजे बोटाएवढ्या जाडीचा एक तपकिरी पट्टा होता. कणकुंबीचे नाव त्यात नव्हते. गुरुजींनी पेन्सिलीने एक ठिपका काढून दिला होता, तेच आमचे गाव. गेल्या वर्षी मंडपात बसलेल्या एका मुलाने मोबाईलवर गाव शोधून दाखवले, तेव्हा गावाच्या नावाची इंग्रजी अक्षरे एका ठिकाणी एक आणि दुसऱ्या ठिकाणी वेगळी निघाली. त्याने विचारले, “मग खरे कुठले?” आम्ही हसून वेळ मारून नेली. पण प्रश्न डोक्यात राहिला. आपल्या डोंगरांच्या रेघा आणि गावांची नावे पहिल्यांदा कागदावर कोणी उतरवली? कोणाला विचारून उतरवली? आणि उतरवलेले ते सारे छापून लोकांपर्यंत कोणी आणले?

त्याचा माग काढताना आमची गाठ पडली थॉमस बेस्ट जर्व्हिस या माणसाशी. हा इंग्रज इंजिनिअर कोकणात मोजणी करून मोठा झाला, आणि पुढे लंडनमध्ये पदरचे पैसे घालून नकाशे छापणारा प्रकाशक झाला. त्याचे नाव आज आपल्याकडे कोणाच्या ओठांवर नाही. यंदाच्या स्मरणिकेत त्याची हकीकत सांगावी असे वाटले, कारण तिचा धागा आपल्या घाटापर्यंत येऊन पोचतो.

खालाटीतला मोजणीदार

जर्व्हिसचा जन्म १७९६ चा, सिंहलद्वीपातल्या जाफनाचा. वडील कंपनी सरकारच्या मद्रासकडील नोकरीत. थॉमस आणि त्याचा थोरला भाऊ जॉर्ज, दोघेही मुंबईच्या इंजिनिअर पलटणीत दाखल झाले. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि पुढच्याच वर्षी इंग्रज फौजांनी सावंतवाडीच्या मुलखातले रेडीचा यशवंतगड आणि निवती हे किल्ले घेतले. नवा मुलूख हाती आला की राज्यकर्त्याला पहिली गरज लागते ती मोजदादीची. गावे किती, वाटा कुठल्या, कुठल्या घाटाने बैल चढतो आणि कुठल्या घाटाने तोफ, भात किती पिकते, सारा किती येतो. दक्षिण कोकणाच्या या पाहणीचे काम तरुण जर्व्हिसकडे आले आणि त्याच्या आयुष्यातली पुढची कित्येक वर्षे त्यात गेली.

हे काम कसे चाले ते थोडे सांगायला हवे. सपाट जागा बघून आधी एक सरळ रेघ साखळीने मोजायची. साखळी पुन्हा पुन्हा टाकून, उन्हाने धातू वाढतो त्याचा हिशेब धरून. या रेघेच्या दोन्ही टोकांवरून दूरच्या एका डोंगरमाथ्याकडे थिओडोलाइटची दुर्बीण लावायची आणि कोन मोजायचे. एक बाजू आणि दोन कोन कळले की उरलेल्या दोन बाजू गणिताने निघतात. मग त्या नव्या बाजूवर दुसरा त्रिकोण, त्यावर तिसरा. अशा त्रिकोणांची जाळी मुलखावर पसरली की तिच्या आत गावे, नद्या, वाटा बसवायच्या. ऐकायला सोपे. पण कोकणात वर्षाचे चार महिने पाऊस, नंतर धुके, मग रान इतके वाढलेले की एका माथ्यावरून दुसरा दिसण्यासाठी झाडे तोडावी लागत. घाटाखालच्या हिवतापाने माणसे आडवी पडत ती वेगळीच. आपल्या बाजूला चोर्ल्याच्या कड्यावर ऐन पावसाळ्यात उभे राहून समोरचा गोवा दिसतो का, ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना या कामाची कल्पना येईल.

त्रिकोणांनी मुलखाचा सांगाडा मिळतो, नावे मिळत नाहीत. नावांसाठी माणसे लागतात. पाटील, कुलकर्णी आणि विशेषतः गावचा महार. शिवेचा तंटा निघाला की महाराची साक्ष मानली जाई, कारण हद्दीचा प्रत्येक दगड, प्रत्येक ओहोळ त्याच्या पायाखालचा होता. साहेबाची दुर्बीण डोंगराची उंची सांगे, पण डोंगराचे नाव सांगे तो हा माणूस. नकाशाच्या कोपऱ्यात सर्व्हेअरचे नाव छापले जाई. त्याला वाट दाखवणाऱ्याचे नाव कधी आले नाही.

जर्व्हिसने पाहणीत नुसते डोंगर मोजले नाहीत. जमिनीचे हक्क, साऱ्याच्या पद्धती, वजने-मापे या सगळ्याची त्याला ओढ होती. शेर, पायली, मण, हात, काठी, कोस ही मापे एका परगण्यात एक आणि पलीकडच्यात दुसरी, याने तो चक्रावला आणि साऱ्या हिंदुस्थानासाठी एकच शास्त्रशुद्ध मापपद्धती असावी म्हणून त्याने १८३० च्या दशकात पुस्तके लिहिली. कोकणाच्या भूगोलावर आणि महसुलावर त्याने लिहिलेला ग्रंथ १८४० मध्ये कलकत्त्याला छापला गेला. त्याच्या नावातच ‘कोकण’ हा शब्द इंग्रजीत ‘कोंकुन’ असा वाचावा लागेल अशा अक्षरांत आहे. ऐकणाऱ्याच्या कानाप्रमाणे आपली नावे कागदावर जात, याचा हा जुना दाखला.

एक गोष्ट लपवायचे कारण नाही. ही मोजणी आपल्या भल्यासाठी सुरू झाली नव्हती. साऱ्यासाठी आणि फौजेसाठी ती होती. शिवाय थॉमस जर्व्हिस हा कडवा धर्मनिष्ठ ख्रिस्ती, मिशनरी कार्याचा पुरस्कर्ता. त्याच्या मुलाने १८९८ मध्ये लिहिलेल्या चरित्राच्या नावातही ते आधी येते. हे सारे धरूनच त्याच्या कामाकडे पाहायला हवे.

थोरला भाऊ आणि मराठी

थॉमसच्या मानाने त्याचा थोरला भाऊ जॉर्ज मराठी माणसाच्या अधिक जवळचा. १८२३ मध्ये मुंबईत एक इंजिनिअरिंग शाळा निघाली, तिची सूत्रे जॉर्ज जर्व्हिसकडे होती. मोजणीच्या आणि बांधकामाच्या खात्यांना हाताखालची शिकलेली माणसे हवी होती. ती इंग्रजीतून तयार करायची की देशी भाषेतून? जॉर्जचे उत्तर ठाम होते : मराठी आणि गुजराती. त्यासाठी पुस्तके नव्हती, म्हणून त्याने शास्त्रीमंडळींना हाताशी धरून ती तयार करवली. जगन्नाथशास्त्री क्रमवंत यांच्या साहाय्याने हटनच्या गणिताचे ‘शिक्षामाला’ हे मराठी रूप सिद्ध झाले. त्रिकोणमिती, लॉगरिथम यांसारखे विषय मराठीतून सांगण्याचा तो अगदी आरंभीचा प्रयत्न. बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीच्या कामातही जॉर्जचा मोठा वाटा होता. पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर याच सोसायटीच्या कामात पुढे आले आणि त्यांनी मुलांसाठी मराठीतून भूगोल लिहिला. ज्या कोकणाची मोजणी एका भावाने केली, त्याच कोकणातला मुलगा दुसऱ्या भावाने उभ्या केलेल्या व्यवस्थेतून पुढे येऊन मराठीतून भूगोल शिकवू लागला, हा योग खचितच नोंद घ्यावा असा.

पुढे १८४७ च्या सुमारास मुंबईच्या शिक्षणमंडळात मोठा वाद झाला. अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांचे म्हणणे, उच्च शिक्षण इंग्रजीतूनच हवे. कर्नल जॉर्ज जर्व्हिस यांनी विरोध केला. लोकांना शिकवायचे तर लोकांच्या भाषेत शिकवा, ही त्यांची बाजू. त्यांच्या पाठीशी उभे राहिले ते जगन्नाथ शंकरशेट आणि मंडळातले इतर एतद्देशीय सभासद. आज आपण मुलांना कोणत्या शाळेत घालावे म्हणून घराघरांत ज्या चर्चा करतो, तिचे एक टोक तिथपर्यंत जाते.

एव्हरेस्टशी गाठ

धाकट्या थॉमसकडे परत येऊ. १८३६ च्या अखेरीस तो इंग्लंडला गेला. त्या वेळी हिंदुस्थानचा सर्व्हेअर जनरल होता जॉर्ज एव्हरेस्ट. त्याची प्रकृती इतकी ढासळली होती की तो लवकरच निवृत्त होईल असे सगळ्यांनी धरले. १८३७ मध्ये कंपनीच्या संचालकांनी त्याच्या जागी पुढे जर्व्हिसला नेमायचे असे ठरवले. नेमणूक अर्थातच तात्पुरती, एव्हरेस्टने जागा सोडली तर.

जर्व्हिसला हे मनोमन पटले. १८३८ मध्ये न्यूकॅसलला शास्त्रज्ञांची मोठी परिषद भरली होती, तिच्यासमोर त्याने हिंदुस्थानच्या सर्वेक्षणाचे काय व्हायला हवे यावर लांबलचक भाषण केले. त्याच वर्षी तो रॉयल सोसायटीचा फेलो झाला. नव्या सर्व्हेअर जनरलला चांगली साधने, चांगली माणसे द्यावीत, असे निवेदन सोसायटीच्या मान्यवरांनी कंपनीकडे पाठवले.

फक्त एकच अडचण होती. जुना सर्व्हेअर जनरल अजून जागेवर होता आणि हिमालयाच्या पायथ्याशी कोन मोजत होता! ही बातमी त्याच्यापर्यंत पोचली तेव्हा तो भडकला. ड्यूक ऑफ ससेक्स यांना उद्देशून त्याने एकापाठोपाठ एक खरमरीत पत्रे लिहिली आणि १८३९ मध्ये ती लंडनमध्ये छापून काढली. माझ्या कामाची माहिती नसलेल्या मंडळींनी माझ्या पाठीमागे दुसऱ्याची तरफदारी केली, हा त्यांचा आशय. जर्व्हिसच्या लायकीचेही त्यात वाभाडे काढले होते. एव्हरेस्टने आणखी काही वर्षे खुर्ची सोडली नाही. तो १८४३ च्या अखेरीस निवृत्त झाला. तोवर वाट पाहून कंटाळलेल्या जर्व्हिसने १८४१ मध्येच कंपनीची नोकरी सोडली होती. जागा मिळाली अँड्र्यू वॉ याला.

याच वॉच्या कारकिर्दीत हिमालयातल्या ‘पंधराव्या शिखरा’ची उंची सर्वांत अधिक निघाली. त्या हिशेबाशी राधानाथ सिकदार या बंगाली गणितज्ञाचे नाव जोडलेले आहे. पण वॉने शिखराला नाव सुचवले ते आपल्या पूर्वसूरीचे, आणि १८६५ मध्ये ‘एव्हरेस्ट’ हे नाव कायम झाले. एव्हरेस्टची प्रकृती जर १८३७ मध्ये आणखी थोडी बिघडली असती, तर कोकणच्या पाऊलवाटा तुडवलेल्या जर्व्हिसचे नाव कदाचित जगातल्या सर्वांत उंच शिखराला लागले असते. अर्थात त्या शिखराखाली पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांनी त्याला आधीच नाव ठेवलेले होते, हे दोघांच्याही बाबतीत तितकेच खरे.

दगडावरची छपाई

पद गेले, पण जर्व्हिसच्या डोक्यातली एक गोष्ट गेली नाही. हिंदुस्थानात इतकी मोजणी झाली, मैलोगणती कागद झाले, आणि ते गेले कुठे? कपाटात. कंपनीचा हिंदुस्थानचा मोठा अॅटलास लंडनमध्ये तांब्याच्या पत्र्यांवर कोरला जात होता. एका इंचाला चार मैल असे त्याचे प्रमाण, आणि पहिली पाने १८२७ मध्ये निघाली. पण काम अतिशय संथ. मोजणी इथे, कोरणे सहा महिन्यांच्या समुद्रप्रवासापलीकडे. एखाद्या मुलखाचे पान हाती येईपर्यंत तिथल्या वाटा बदललेल्या असत. हे कोरीव काम कलकत्त्याला यायला १८६० च्या दशकाची अखेर उजाडली.

जर्व्हिसचा ओढा होता शिळाछापाकडे. गंमत अशी की हे तंत्र बव्हेरियातल्या आलोइस सेनेफेल्डर याने शोधले तेही १७९६ च्याच सुमारास, म्हणजे छपाईची ही तऱ्हा आणि जर्व्हिस हे जवळजवळ समवयस्क. बव्हेरियात एका जातीचा गुळगुळीत, बारीक कणांचा चुनखडी दगड मिळतो. त्यावर तेलकट शाईने चित्र काढायचे. मग दगड पाण्याने ओला करायचा. तेल आणि पाण्याचे वैर असल्यामुळे चित्राच्या रेघांवर पाणी टिकत नाही, उरलेला दगड मात्र ओला राहतो. आता रूळाने छापायची शाई फिरवली की ती फक्त रेघांना धरते, ओल्या जागेवर बसत नाही. वर कागद दाबला की चित्र उमटते. कोरायला महिने लागत तिथे इथे दिवस लागतात, आणि वेगवेगळ्या रंगांसाठी वेगवेगळे दगड घेता येतात. अट एवढीच, की दगडावरचे चित्र उलटे हवे, आरशात दिसावे तसे.

हा दगड आपल्या घरांनाही अनोळखी नाही. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये शिळाप्रेसवर मराठी पंचांग छापले आणि हाताने पंचांग उतरवून घ्यायचे दिवस सरू लागले. मोडी आणि देवनागरीसाठी हे तंत्र सोयीचे, कारण खिळे पाडायची गरज नाही. सुवाच्य अक्षराचा लेखक असला की झाले. आजोबांच्या लाल फडक्यातल्या कित्येक पोथ्या अशाच शिळाछाप आहेत. लिहिणाऱ्याचे वळण अजून त्यांत दिसते. पुढे विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने १८७८ मध्ये पुण्यात चित्रशाळा निघाली, १८९४ मध्ये राजा रविवर्म्यांचा मुंबईचा छापखाना निघाला, आणि देवादिकांच्या तसबिरी घरोघर पोचल्या. आपल्या देवघरातल्या जुन्या गणपतीच्या तसबिरीचा जन्मही बहुधा अशाच दगडावरचा. देव असो, पंचांग असो की नकाशा, मूठभर लोकांच्या हातातली वस्तू या दगडाने चारचौघांच्या हाती दिली.

जर्व्हिस इंग्लंडमध्ये याच तंत्राच्या मागे लागला. तो लिहीत राहिला, भाषांतरे करत राहिला. बॅरन ह्यूगेलच्या काश्मीर आणि पंजाबच्या प्रवासवर्णनाचे त्याने केलेले इंग्रजी रूप १८४५ मध्ये निघाले. आणि सरकारला तो एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत राहिला. जगभर सत्ता चालवणाऱ्या देशापाशी नकाशे जमवणारे, छापणारे आणि वाटणारे स्वतंत्र खाते असले पाहिजे. कोणी मनावर घेतले नाही.

क्रिमियाचे दहा ताव

१८५४ मध्ये इंग्लंड आणि फ्रान्स यांनी रशियाविरुद्ध क्रिमियात फौजा उतरवायचे ठरवले. आणि मग कळले की तिथला धड नकाशाच सरकारजवळ नाही. ज्या सैन्याने कोकणातली खेडी मोजली, त्याला सेवास्तोपोलच्या आजूबाजूची टेकाडे ठाऊक नव्हती.

जर्व्हिस त्या सुमारास बेल्जियममध्ये गेला असता त्याला दोन दुर्मिळ वस्तू हाती लागल्या. एक, रशियन सेनेने खास आपल्यासाठी केलेला क्रिमियाचा नकाशा. दुसरी, तुर्कस्तानच्या युरोपातल्या मुलखाचा ऑस्ट्रियन लष्करी नकाशा. त्या घेऊन तो लंडनला युद्धमंत्र्यांकडे, ड्यूक ऑफ न्यूकॅसल यांच्याकडे गेला. सरकारचे उत्तर सरकारी पद्धतीचेच होते. तुम्ही आपल्या खर्चाने छापा, आम्हाला लागतील त्या प्रती आम्ही विकत घेऊ.

दुसरा कोणी असता तर नमस्कार करून बाहेर पडला असता. पन्नाशी ओलांडलेल्या, निवृत्त जर्व्हिसने पदरचे पैसे घातले. रशियन अक्षरांतली नावे इंग्रजीत आणली, सारा नकाशा दगडांवर चढवला आणि दहा तावांत क्रिमिया छापून दिला, वेगवेगळ्या रंगांत, मूळ नकाशापेक्षा वाचायला सोपा. तंबूत चिखलात बसलेल्या अधिकाऱ्याला नकाशा वाचायला तज्ज्ञ लागू नये, ही त्यामागची दृष्टी.

मग सरकारला जाग आली. फेब्रुवारी १८५५ मध्ये नकाशे आणि आकडेवारी जमवणारे स्वतंत्र खाते लंडनमध्ये स्थापन झाले आणि त्याचा पहिला प्रमुख म्हणून जर्व्हिसची नेमणूक झाली. अनेक वर्षे ज्याच्यासाठी दारे ठोठावली, ते शेवटी मिळाले. ब्रिटिश लष्कराचे नकाशाखाते आणि गुप्तवार्ताखाते, दोन्ही आपले मूळ याच लहानशा कचेरीत शोधतात. पण जर्व्हिसला तिथे जेमतेम दोन वर्षे मिळाली. ३ एप्रिल १८५७ रोजी तो वारला. पुढच्याच महिन्यात मेरठला उठाव झाला, कंपनी सरकारचे दिवस भरले, आणि कंपनीच्या एका जुन्या इंजिनिअरची आठवण ठेवायला कोणाला सवड राहिली नाही.

घाटावर काय उरले

जर्व्हिसची मोजणी घाटाखालची. घाटावर आपल्या बाजूला मोजणीचे काम मुंबई इलाख्याच्या महसूल खात्याने केले. १८३६ मध्ये बेळगाव हा धारवाडपासून वेगळा जिल्हा झाला. विंगेट, गोल्डस्मिड आणि डेव्हिडसन या तिघा अधिकाऱ्यांनी जी पद्धत बसवली, तिची माहिती आपल्याला न वाचताही आहे. तेहेतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. आज बेळगावात प्लॉट घेणारा माणूस गुंठ्याचा भाव विचारतो तेव्हा तो दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या साखळीचेच माप बोलत असतो. बांधावरचे हद्दीचे दगड आणि सर्व्हे नंबर हीही त्याच काळाची देणगी. घरात वाटणीचे बोलणे निघाले की आपण सगळे अजूनही त्यांच्याच साक्षीने बसतो.

नकाशावरची रेघ किती जड असते, हे आपल्या भागाला शिकवावे लागत नाही. १९५६ मध्ये राज्ये नव्याने आखली गेली, मुंबई राज्यातला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, आणि एकाच कुळातल्या घरांच्या पत्त्यांत दोन राज्ये आली. कणकुंबीच्या पाण्याचेही तसेच. दोन समुद्रांकडे पाणी वाटून देणारी ही डोंगराची धार म्हणजे नकाशात एक तुटक रेघ. पण तिच्या अलीकडच्या नाल्याचे पाणी पलीकडे वळवायचे का, यासाठी २०१० मध्ये तीन राज्यांसाठी लवाद बसला, २०१८ मध्ये त्याचा निवाडा आला, आणि वाद तरीही संपला नाही. त्याची बाजू घ्यायला हा लेख नाही. आम्हाला एवढेच म्हणायचे आहे की अशा वेळी दोन्हीकडचे जाणकार शेवटी नकाशा उलगडतात, आणि जे नाव नकाशात नाही त्याला तिथे कोणी विचारत नाही.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. आपल्या गावाचे खरे नाव कुठले? जर्व्हिसच्या काळात साहेबाच्या कानाला जसे ऐकू येई तसे लिहिले जाई. म्हणून पुण्याचे ‘पूना’ झाले, साताऱ्याच्या नावात नको तिथे जोडाक्षरे शिरली. १८७० नंतर हंटरसाहेबाच्या पद्धतीने थोडी शिस्त आली. आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणचे नाव इंग्रजीत कसे लिहावे, हे तर २०१४ मध्ये पुन्हा बदलले. मराठीत आपण ‘कणकुंबी’ म्हणतो, कन्नडच्या उच्चाराने मधला ‘ण’ पुरा होतो आणि इंग्रजी फलकावर एक अक्षर वाढते. दोन्ही भाषा इथल्याच, दोन्ही नावांवर आमचा राग नाही. नाव बोलणाऱ्याच्या तोंडात असते, छापणारा त्याची एक बाजू धरतो. त्या मुलाला हे उत्तर द्यायचे राहून गेले होते, ते इथे दिले.

पण गावाचे नाव तरी छापले गेले. गावातल्या नावांचे काय? कुठल्या शेताला काय म्हणतात, कुठला झरा वैशाखातही आटत नाही, कुठल्या राईत कुऱ्हाड चालवायची नाही, पारवाडकडे किंवा चिगुळ्याकडे जाणारी जुनी पायवाट कुठल्या दगडापाशी वळते, गुरे घेऊन घाट उतरायची वाट कुठली. हे ज्यांना ठाऊक आहे ती माणसे आज सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांची नातवंडे बेळगावात, गोव्यात, पुण्या-मुंबईत आहेत. उपग्रहाला झाडाची सावलीसुद्धा दिसते, पण झाडाचे नाव दिसत नाही. पूर्वीच्या साहेबाला निदान गावच्या माणसाला विचारावे तरी लागत होते. आताच्या नकाशाला तीही गरज पडत नाही.

जर्व्हिसच्या चरित्रातून आम्ही जर काही उचलले असेल तर ते एवढेच. त्याची मोजणी बिनचूक होती असे नाही, त्याचे हेतू सगळे आपल्याला पटण्यासारखे नाहीत. पण माहिती कपाटात ठेवण्यासाठी नसते, ती छापून माणसांच्या हाती दिली पाहिजे, आणि सरकार देत नसेल तर आपण आपल्या खर्चाने दिली पाहिजे, ही गोष्ट त्याने आयुष्यभर धरून ठेवली. त्याच्या भावाने त्यात भर घातली : ती लोकांच्या भाषेत दिली पाहिजे.

म्हणून यंदा मंडपात वर्गणीच्या वहीशेजारी आम्ही एक दुसरी वही ठेवली आहे, आणि भिंतीवर गावाचा एक मोठा कोरा आराखडा. त्यात रस्ते, नदी, देऊळ एवढेच काढले आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांना आरतीला आणाल तेव्हा दहा मिनिटे त्या वहीपाशी बसवा. शेताचे, झऱ्याचे, वाटेचे, राईचे नाव सांगतील ते लिहून घ्या, आणि सांगणाऱ्याचे नाव त्यापुढे अवश्य लिहा. मराठीत सांगोत, कोकणीत सांगोत, कन्नडमध्ये सांगोत, जसे सांगतील तसे लिहा. पुढच्या स्मरणिकेत तो नकाशा छापायचा आमचा विचार आहे. शिळेवर नाही, साध्या छापखान्यात. पण सांगणाऱ्यांची नावे त्याच्या कोपऱ्यात असतील.

विघ्नहर्त्याच्या कृपेने पाऊस थोडा आवरता आला तर वही कोरडी राहील. नाही आला तरी तिच्यावर प्लास्टिक घालायची व्यवस्था केलेली आहे.

गणपती बाप्पा मोरया!